ड्रॅक्युलाचे इंग्रजी आणि आपले

डोंबिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून चार रस्त्यावरून मानपाड्याच्या दिशेने चालू लागले, की जून महिन्यात दुकानांच्या पाट्यांपेक्षा शिकवणी वर्गांच्या पाट्याच अधिक डोळ्यांत भरतात. (ठाण्यातही घोडबंदर रस्त्यावर एक मानपाडा आहे, तेथील चित्र फारसे वेगळे नसावे.) तीस दिवसांत इंग्रजी, साठ तासांत इंग्रजी, न घाबरता इंग्रजी, अशी आश्वासने त्या पाट्यांवर असतात. त्यांतील ‘न घाबरता’ हे शब्द मोठे बोलके आहेत. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू होते. म्हणजे आज नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाने ही भाषा निदान दहा वर्षे अभ्यासलेली असते. दहा वर्षांच्या अभ्यासानंतर जी भीती उरते ती काय अज्ञानाची असेल? ती कशाची आहे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

नोकरदार मंडळींसाठी या भागात चालणाऱ्या एका सायंवर्गात प्रस्तुत लेखकाने काही वर्षे शिकविले. तेथे एका कारखान्याच्या भांडार विभागातील एक गृहस्थ येत. वय चाळिशीकडे झुकलेले. त्यांची वही हातात घ्यावी आणि पाहत राहावे! गाळलेल्या जागा, काळ ओळखणे, वाक्यपरिवर्तन, सारे निर्दोष. मात्र परप्रांतातील एखाद्या पुरवठादाराचा फोन आला, की ते तो शेजारच्या टेबलावर देऊन मोकळे होत. “सर, व्याकरण येतं, शब्दही येतात, पण तोंडातून निघत नाही,” असे ते एकदा म्हणाले.

नेमकी हीच तक्रार इंग्रजी साहित्यातील एका अतिप्रसिद्ध पात्राने केलेली आहे, आणि ते पात्र म्हणजे काउंट ड्रॅक्युला, हे सांगितले तेव्हा वर्गात प्रथमच हशा पिकला. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ सालची. लोकांना तिच्यातील सुळे आठवतात, पण दुसऱ्या प्रकरणातले ग्रंथालय आठवत नाही. ट्रान्सिल्व्हेनियातील त्या पडक्या गढीत काउंटने इंग्रजी पुस्तके, मासिके, पंचांगे, एवढेच काय रेल्वेचे वेळापत्रकही जमविलेले आहे. ही भाषा त्याला केवळ पुस्तकांतून येते. व्याकरण ठाऊक आहे, शब्द ठाऊक आहेत, बोलावे कसे ते कळत नाही, असे तो आपल्या तरुण इंग्रज पाहुण्याला सांगतो. आणि लंडनमध्ये आपल्याला कोणी परका म्हणून ओळखू नये, म्हणून उच्चारातील चुका दाखविण्यासाठी त्याला महिनाभर ठेवून घेतो. शिकवणीचा मोबदला पुढे भयंकर ठरतो, ही गोष्ट वेगळी!

याच्या उलट उदाहरण मेरी शेलीच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये सापडते. त्यातला निर्माता-परित्यक्त जीव एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो आणि भिंतीच्या फटीतून आतल्या कुटुंबाचे बोलणे महिनोन् महिने ऐकतो. घरातला तरुण एका परदेशी मुलीला भाषा शिकवीत असतो. तिच्याबरोबर हाही शिकतो. पुढे त्या घरातल्या अंध वृद्धाशी तो प्रथम बोलतो, तेव्हा त्याच्या भाषेवरून तो आपलाच देशबांधव असावा, असे त्या वृद्धाला वाटते. एकाने वाचून भाषा मिळविली आणि तो अडखळला. दुसऱ्याने ऐकून मिळविली आणि तो आपला वाटला. दोन्ही लेखकांना अध्यापनशास्त्रावर काही सांगावयाचे नव्हते, हे उघड आहे. पण आमच्या वर्गाला या दोन प्रसंगांनी जे समजाविले, ते एरवी समजले नसते.

म्हणून व्याकरण टाकून द्यावे, असे मात्र मुळीच नव्हे. तसे म्हणणे ही अलीकडची एक फॅशन आहे. आपल्या आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. त्यानंतरच्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणावर. यांतील पी. सी. रेन हे गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ (१९२४) ही फ्रेंच परदेशी पलटणीवरील साहसकथा लिहून जगप्रसिद्ध झाले. ज्याच्या नावाने आपण क्रियापदे घोकली, तो गृहस्थ वाळवंटातल्या किल्ल्यात मेलेले शिपाई उभे करणारा कथाकार होता! त्याच्या दोन्ही अंगांचा आपल्याला मिळून उपयोग करता आला असता. आपण एकच अंग घेतले.

भयकथा व्याकरणाला का उपकारक ठरते, हेही सांगितले पाहिजे. मराठी माणसाला ‘ए’ आणि ‘द’ ही उपपदे जन्मभर छळतात, कारण आपल्या भाषेत ती नाहीत. नियम पाठ करूनही ती चुकतात. पण बोगद्याच्या तोंडाशी प्रथम ‘कोणी एक आकृती’ दिसते आणि पुढच्या वेळी ‘ती आकृती’ दिसते, तेव्हा उपपद बदलताच अंगावर काटा येतो, आणि तो फरक पुन्हा विसरत नाही. कर्मणी प्रयोगाचेही तसेच. दार उघडले गेले, दिवा मालविला गेला. कोणी, ते सांगितलेले नाही. कर्ता लपविण्याची सोय भाषेत कशाला असते, हा प्रश्न विद्यार्थ्याला अशा ठिकाणी आपोआप सुटतो.

आमच्या वर्गात सर्वांत अधिक रमली ती चार्ल्स डिकन्सची ‘द सिग्नल-मॅन’ ही १८६६ सालची कथा. आदल्याच वर्षी, ९ जून १८६५ रोजी, स्टेपलहर्स्ट येथील रेल्वे अपघातातून डिकन्स स्वतः वाचला होता. खोल खणलेला लोहमार्ग, बोगद्याचे काळे तोंड, तांबडा दिवा आणि एकटा सिग्नलवाला, एवढेच तिचे साहित्य. पारसिकच्या बोगद्यातून वर्षानुवर्षे प्रवास केलेल्या माणसांना त्यातले काय समजावून सांगायचे? या कथेतला सिग्नलवालाही आपल्या चौकीत बसून एक भाषा स्वतःच शिकलेला आहे. ती त्याला वाचता येते, उच्चार मात्र त्याने आपल्या मनाने ठरविलेले. हे वाक्य आले तेव्हा भांडार विभागातील ते गृहस्थ मान खाली घालून हसले. त्या कथेचा शेवट तर नेमक्या उच्चारलेल्या शब्दांवर उभा आहे. तो प्रत्यक्ष कथनातून अप्रत्यक्ष कथनात बदलून लिहा, असा स्वाध्याय मी दिला. सर्वांची वाक्ये बरोबर आली आणि भय नाहीसे झाले. असे का, यावर अर्धा तास वाद झाला; मोडक्यातोडक्या, पण इंग्रजीत.

वाद झाला, याचे कारण कथा मोठ्याने आणि एकत्र वाचली गेली. ड्रॅक्युला एकटा होता, सिग्नलवाला एकटा होता. आपला विद्यार्थीही स्वाध्यायाची वही घेऊन एकटाच बसतो.

या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला अंधश्रद्धेचा. ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २०१३ साली हत्या झाली, तेथे शिक्षकाने भुताच्या गोष्टी सांगाव्यात काय, असे एका स्नेह्यांनी विचारले. प्रश्न गंभीर आहे. तथापि नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचणारा मराठी वाचक त्यामुळे अंगारे-धुपाऱ्यांच्या नादी लागला, असे दिसत नाही. कथेत भूत आहे हे जाणून वाचणे आणि भूत आहे असे मानणे, यांत अंतर आहे. दुसरा आक्षेप असा, की हे इंग्रजी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे. ते खरे, पण आपल्या कचेऱ्यांतील अर्जांचे इंग्रजी तरी कोणत्या शतकातले आहे?

अर्जांवरून आठवले. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची ‘द मंकीज पॉ’ ही १९०२ सालची कथा इच्छार्थी वाक्यांसाठी घ्यावी, एवढाच माझा हेतू होता. त्यात वृद्ध बाप माकडाच्या पंज्याकडे दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस येतो: मुलगा यंत्रात सापडून गेला आहे, कंपनी कोणतीही जबाबदारी स्वीकारीत नाही, तथापि मुलाच्या सेवेचा विचार करून काही रक्कम देऊ इच्छिते. रक्कम अर्थात दोनशे पौंडच. येथे वर्ग एकदम शांत झाला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने २०१६ आणि २०२४ सालचे स्फोट पाहिले आहेत. जबाबदारी नाकारून रक्कम देऊ करणारे ते वाक्य एका बाईंनी पुन्हा वाचावयास सांगितले. मग त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला आणि शेवटी, अशा कागदावर सही केली तर पुढे काही मागता येते का, असे विचारले. हा प्रश्न व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. उत्तरासाठी मला एका वकील मित्राकडे जावे लागले, आणि पुढच्या आठवड्याचा तास त्या एकाच वाक्यावर गेला.

या कथांवर आता कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही; त्या फुकट मिळतात. संक्षिप्त आवृत्त्या मात्र टाळाव्यात. त्यांत भीती आधी कापली जाते. आरंभ जेकब्जपासून करावा, मग डिकन्स घ्यावा, आणि ड्रॅक्युलाची पहिली चार प्रकरणे पुरेत. लागते ती एक खोली, थोडी बाकडी आणि मोठ्याने वाचणारा एक जण. मानपाडा रस्त्याच्या आसपासच्या अनेक शाळांचे वर्ग संध्याकाळी सातनंतर कुलूपबंद असतात.