पटाशीचं पाणी राखणारं चाक

लोहाराने पटाशीला दिलेलं पाणी विजेचा ग्राइंडर क्षणात उतरवू शकतो. टोकाशी निळा डाग दिसला की समजावं, तिथलं पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं आणि मऊ पडलं. मग ती धार सागवानात दोन भोकं पाडेपर्यंतही टिकत नाही. कार्बन पोलादाची पटाशी आणि रंध्याचं पातं यांच्यासाठी म्हणूनच मला हातानं फिरवायचा ग्राइंडर सर्वांत जवळचा वाटतो.

हिशेब साधा आहे. सहा इंची चाकाचा विजेचा ग्राइंडर मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेतो. चाकाची कड सेकंदाला २२ मीटर धावते. हात ग्राइंडरच्या हँडलच्या एका फेऱ्यात चाक बाराएक वेळा फिरतं. सेकंदाला एक फेरा, या आरामाच्या गतीने कडेचा वेग पावणेसहा मीटर भरतो, म्हणजे जेमतेम चौथाई. उष्णता कमी, आणि पातं पाण्यात बुडवायला सवड मिळते.

इतिहास थोडक्यात सांगतो. पूर्वी वालुकाश्माची चाकं पाण्यात फिरवत. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांना विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड सापडलं, पुढे कृत्रिम कुरुंदही बनू लागला आणि घडीव दगडाची सद्दी संपली. आपल्याकडे उरणजवळच्या मोरा इथे १९४१ मध्ये अशी चाकं बनू लागली.

पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात हिंडलं, की गंजक्या लोखंडात एखादा हात ग्राइंडर भेटतो. गंजाला घाबरू नये. पाहायचं ते एवढंच: चाकाचा दांडा धरून वर-खाली हलवला तर खडखडतो का, आणि दातेरी चक्रांचे दात शाबूत आहेत का. सुकून घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलने निघतं. नवं भरलं की पन्नास वर्षांचं यंत्रही गोड फिरू लागतं. टेबलाच्या कडेला थेट आवळण्यापेक्षा ते जाड लाकडी ठोकळ्यावर बसवावं आणि ठोकळा शिकंज्यात धरावा. हँडलचा मध्य कोपराच्या उंचीला आला की खांदा भरून येत नाही.

आता चाक. माझ्या मते निम्म्याहून अधिक यश इथे आहे, आणि लोक नेमकी इथेच काटकसर करतात. पुण्याच्या बोहरी आळीत चाक मागितलं की पुष्कळदा करडं, कडक चाक पुढे येतं. हिरवं चाक कार्बाइडच्या हत्यारांसाठी असतं, ते नको. पांढरं मागावं आणि त्यावरचा मजकूर वाचावा. ‘डब्ल्यूए ६० के ५ व्ही’ यात डब्ल्यूए म्हणजे पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, ६० हा दाण्याचा आकार, के हा पकडीचा कडकपणा (ए सर्वांत मऊ, झेड सर्वांत कडक), ५ ही दाण्यांची दाटी आणि व्ही म्हणजे भट्टीत भाजलेली चिनी मातीसारखी पकड. मऊ पकडीचं चाक बोथट दाणे सोडून देतं आणि नवे तीक्ष्ण दाणे वर आणतं. कडक चाक बोथट दाणे धरून ठेवतं. ते कापत नाही, नुसतं घासतं आणि तापवतं. मऊ चाक लवकर झिजतं, ही तक्रार मला पटत नाही. झिजायलाच तर ते घेतलं!

बसवण्यापूर्वी चाक बोटावर टांगून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकावं. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तडा आहे. ते वापरू नये. दोन्ही बाजूंना जाड कागदाच्या चकत्या हव्यात, नट बेताचा आवळावा. मग हिऱ्याच्या ड्रेसरने चाक गोल करून घ्यावं. त्या वेळी हँडल दुसऱ्या कुणाकडे द्यावं (आमच्याकडे भाची हौसेने फिरवते), म्हणजे ड्रेसर दोन्ही हातांनी धरता येतो. चाकाचा माथा सपाट न ठेवता मध्यभागी किंचित फुगीर ठेवावा. त्यामुळे एका वेळी थोडीच जागा घासली जाते आणि पात्याचे कोपरे जळत नाहीत.

यंत्रासोबतचा टेका बहुतेकदा टीचभर असतो. तो काढून ठोकळ्यावर लाकडाचा रुंद टेका बसवावा, चाकापासून दोन-तीन मिलिमीटरवर. कोन मोजायला कोनमापक लागत नाही. धारेचा उतार पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश, जवळजवळ २.४ पट असेल तर २५. मला २५ आवडतो. उतारावर मार्करची शाई फासून चाक हातानेच जरा फिरवावं. शाई मध्यावर पुसली गेली की टेका बरोबर बसला.

उजव्या हाताने हँडल फिरवायचं, डाव्या अंगठ्याने पातं दाबायचं आणि तर्जनी टेक्याच्या कडेला घासत सरकवायची. डोळ्यांवर चष्मा हवाच. काठावर केसभर जागा राहिली की थांबावं. तीन मिलिमीटर जाडीच्या पात्यावर सहा इंची चाक मध्यभागी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी खोल खळगा करतं. एवढ्यानेच पातं ऑइलस्टोनवर पुढच्या आणि मागच्या काठांवर आपोआप टेकतं. कोन धरून ठेवण्याची धडपड संपते आणि थोड्याच घासण्यांत पाठीमागे बारीक कंगोरा येतो. तो पाठ सपाट घासून काढावा. धार नखावर टेकवून पाहावी: घसरली तर अजून घासायची, रुतली तर झाली.

चाक झिजत जाईल तसा हा खळगा खोल होत जातो आणि टेका पुढे घ्यावा लागतो. प्रत्येक वेळी शाई लावून कोन पुन्हा बसवावा. चाक चार इंचांवर आलं की मी ते उतरवून गोलचीच्या (गोल धारेच्या पटाशीच्या) आतल्या बाजूसाठी राखून ठेवतो.