मुंगूस साहेबाच्या घरी गेलं!

मूल इंग्रजी शाळेत जाऊ लागलं, की पुष्कळ आया अभ्यासापासून हळूच दूर होतात. ‘मला कुठं येतंय इंग्रजी?’ म्हणतात आणि शिकवणी लावतात. मग मूलही म्हणायला शिकतं, ‘आई, तुला नाही कळायचं!’ पण मैत्रिणींनो, त्याच्या पुस्तकातली काही प्राण्यांची नावं आपल्याच घरून गेलेली आहेत.

विश्रामबागेत एखाद्या कुंपणाखालून सुळकन पळणारं मुंगूस घ्या. इंग्रजीतला ‘मॉंगूस’ तो हाच! सतराव्या शतकात हा शब्द तिकडे गेला. हंसाच्या जातीच्या ‘गूस’शी त्याचं स्पेलिंग जुळलं, पण नातं काही नाही. म्हणूनच अनेकवचनात ‘गूस’चं ‘गीस’ होतं, मुंगसाचं मात्र ‘मॉंगूसेस’. मुलं फसतात ती इथंच.

‘चीता’ हिंदीतून गेला. त्याचं मूळ संस्कृत ‘चित्रक’, म्हणजे ठिपकेवाला. चितळही त्याच कुळातलं. सागरेश्वरच्या सहलीत चितळाचे ठिपके दाखवा, शब्द आपोआप पाठ होईल. सांबर तर इंग्रजीतही सांबरच.

आपल्या बत्तीस शिराळ्याच्या नागाला इंग्रजीत ‘कोब्रा’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज, आणि अर्थ नुसता साप! मूळ नाव होतं ‘फणेवाला साप’. इंग्रजांनी फणा गाळला नि साप ठेवला. घुशीचं ‘बँडिकूट’ आलं तेलुगू ‘पंदिकोक्कू’वरून, म्हणजे डुक्करउंदीर. घूस पाहिलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको!

काही शब्द मात्र उसने नव्हेत, चुलत भावंडं आहेत. ‘काऊ’ आणि ‘गो’, ‘माऊस’ आणि ‘मूषक’ ही एकाच प्राचीन मुळाची रूपं. संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी असलेलं असं नातं विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या व्याख्यानात मांडलं होतं.

तेव्हा एक वही करा. डावीकडे इंग्रजी नाव, मधे मराठी, उजवीकडे अर्थ. ‘हिप्पोपोटॅमस’ म्हणजे ग्रीकमध्ये नदीतला घोडा, ‘ऱ्हायनोसेरॉस’ म्हणजे नाकावर शिंग. अर्थ कळला, की लांबलचक स्पेलिंगचे तुकडे पडतात आणि ते लक्षात राहतं. नुसत्या आवाजाच्या साम्यावर मात्र नातं जुळवू नका. शब्दकोश उघडून खात्री करा. रोज भाजी निवडताना एक शब्द झाला तरी पुरे. इंग्रजी तुम्हाला थोडं येत असेल, पण मुंगूस तर चांगलंच ओळखीचं आहे ना? तिथूनच सुरुवात करा.