विश्लेषण : पन्नास वर्षांपूर्वीचे रेकॉर्डिंग कन्सोल आजही कसे चालते?

लॅपटॉपवर गाणे ध्वनिमुद्रित करता येत असतानाही १९७०च्या दशकातील अ‍ॅनालॉग कन्सोलना जगभरातील स्टुडिओंतून मागणी आहे. ही यंत्रे पुन्हा चालू कशी केली जातात आणि त्यांचा मूळ आवाज कसा जपला जातो?

कन्सोल नेमके काय करते?

मायक्रोफोनमधून येणारा विद्युत संदेश अत्यंत क्षीण, म्हणजे व्होल्टच्या काही हजाराव्या भागाइतका असतो. तो वाढवणे, त्यातील खर्ज-तार कमी-जास्त करणे, अनेक मायक्रोफोनचे आवाज योग्य प्रमाणात मिसळणे आणि ते टेपवरील ठरावीक ट्रॅककडे पाठवणे ही कन्सोलची कामे. अ‍ॅनालॉग कन्सोलमध्ये आवाजाचे आकड्यांत रूपांतर होत नाही. संदेश विद्युत लहरीच्या रूपातच ट्रान्सफॉर्मर, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर यांतून जातो आणि प्रत्येक भागाचा थोडा परिणाम त्यावर होतो. म्हणूनच ‘या कन्सोलचा आवाज वेगळा’ असे म्हटले जाते.

साऊंड सिटीचे कन्सोल का गाजले?

ब्रिटिश अभियंते रूपर्ट नीव्ह यांच्या कंपनीने बनवलेले ‘८०२८’ हे कन्सोल लॉस एंजलिसच्या साऊंड सिटी स्टुडिओने १९७३ मध्ये सुमारे ७५ हजार डॉलरना घेतले. फ्लीटवूड मॅकचा त्याच नावाचा १९७५ चा अल्बम आणि निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) येथे ध्वनिमुद्रित झाले. डिजिटल तंत्र आणि घरगुती रेकॉर्डिंगच्या रेट्यात २०११ मध्ये स्टुडिओचे व्यावसायिक काम थांबले. तेव्हा निर्वाणाचे ड्रमवादक डेव्ह ग्रोल यांनी हे कन्सोल विकत घेऊन आपल्या ‘स्टुडिओ ६०६’मध्ये बसवले. त्यावर त्यांनी काढलेला ‘साऊंड सिटी’ हा माहितीपट २०१३ मध्ये आला.

सगळ्याच कन्सोलचे नशीब असे नसते. नीव्हच्या जुन्या कन्सोलमधील एकेका चॅनलचे मॉड्यूल सुटे विकले तरी चांगली किंमत येते. त्यामुळे अनेक कन्सोल मोडून त्यांचे भाग वेगवेगळ्या स्टुडिओंत गेले. अखंड कन्सोल दुरुस्त करायचे की तोडून विकायचे, हा मालकापुढचा खरा प्रश्न असतो.

बिघडते काय?

सर्वात आधी दगा देतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्यातील द्रव काळाबरोबर सुकतो. उष्णता हा त्यांचा मोठा शत्रू : साधारणपणे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. परिणामी गुणगुण ऐकू येते किंवा खर्ज पातळ होतो. टँटलम कपॅसिटर शॉर्ट होऊन वीजपुरवठाच खाली ओढू शकतात. स्विच आणि कनेक्टरच्या संपर्कबिंदूंवर गंज चढतो. फेडरमध्ये धूळ गेली की तो सरकवताना खरखर येते. ट्रान्सफॉर्मर मात्र क्वचितच बिघडतात.

दुरुस्तीची सुरुवात कुठून होते?

वर्षानुवर्षे बंद असलेले कन्सोल थेट चालू करणे धोक्याचे असते. आधी मॉड्यूल बाहेर काढून फक्त पॉवर सप्लाय तपासतात. व्होल्टेज हळूहळू वाढवत नेतात. या काळातील नीव्ह कन्सोल २४ व्होल्ट डीसीवर चालतात. ते स्थिर आणि स्वच्छ मिळते आहे याची खात्री झाल्यावरच मॉड्यूल एकेक करून बसवले जातात.

दोष शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. पाचव्या चॅनलचा आवाज खराब असेल, तर त्याचे मॉड्यूल सहाव्याशी अदलाबदल करायचे. दोष सहाव्यावर गेला तर तो मॉड्यूलमध्ये आहे, पाचव्यावरच राहिला तर चौकटीत किंवा वायरिंगमध्ये. सुटे होणारे मॉड्यूल आणि हाताने डाग देता येतील एवढे मोठे भाग हेच या यंत्रांच्या दीर्घायुष्याचे कारण आहे.

सगळे भाग नवे घालावेत का?

यावर तंत्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. काही जण सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम बदलतात. एक खराब झाला म्हणजे त्याच वयाचे इतरही त्याच वाटेवर आहेत, हा त्यांचा तर्क. दुसरी बाजू म्हणते, मोजून पाहा आणि बिघडलेलेच बदला, कारण प्रत्येक वेळी डाग काढताना जुन्या सर्किट बोर्डवरील तांब्याची पट्टी उखडू शकते. एका गोष्टीवर मात्र बहुतेकांचे एकमत आहे : कपॅसिटर हा टायरसारखा झिजणारा भाग आहे, पण मूळ ट्रान्सफॉर्मर आणि सर्किटची रचना यांना शक्यतो हात लावू नये, कारण कन्सोलची ओळख मुख्यतः त्यांत असते. कोणत्याही दुरुस्तीआधी आणि नंतर प्रत्येक चॅनलची मोजणी नोंदवून ठेवली, तर नेमके काय बदलले ते कळते.

रोजची निगा कशी?

खोली थंड आणि कोरडी ठेवणे, काम संपल्यावर आच्छादन घालणे, चहा-पाणी कन्सोलपासून दूर ठेवणे, स्विच आणि फेडर अधूनमधून फिरवणे ही साधी पथ्ये. क्लीनर स्प्रेचा मारा टाळलेला बरा, कारण चुकीचा स्प्रे आतले वंगण धुऊन टाकतो. दोषांची नोंदवहीही हवी.

कपॅसिटर आजही बाजारात मिळतात. जुना आराखडा वाचून, कानाने ऐकून दोष ओळखणारा तंत्रज्ञ मात्र दुकानात मिळत नाही. तो हाताखाली शिकवूनच तयार करावा लागतो. कन्सोलचे पुढचे आयुष्य त्यावरच अवलंबून आहे.