वारीच्या आधीची वारी

बालमित्रांनो, पायी वारी म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? टाळ, मृदंग, भगव्या पताका, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया. बरोबर! पण वारकरी पहिलं पाऊल टाकतो, त्याच्या आधी त्याला निघण्याच्या ठिकाणी पोहोचावं लागतं. गमती आणि फजिती जास्त होतात त्या ह्या पोहोचण्यातच. आज त्या 'वारीच्या आधीच्या वारी'ची गोष्ट.

आमचं दारव्हा यवतमाळ जिल्ह्यात. इकडच्या पुष्कळांची ओढ शेगावकडे. संत गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला पायी जाते. अकोला, परभणी, परळी, अंबाजोगाई, सोलापूर, मंगळवेढा असा सातशे किलोमीटरहून जास्त पल्ला. महिनाभराची चाल! रोज सरासरी वीस-बावीस किलोमीटर, आणि सुरुवात होते ती वऱ्हाडातल्या कडक उन्हात. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे ही पायी वारी झाली नाही, तेव्हा कितीतरी म्हाताऱ्या माणसांना आषाढी सुनी सुनी वाटली.

पण आधी शेगाव तर गाठायला हवं ना!

शकुंतलेची सवारी

पूर्वी आमच्याकडे त्यासाठी एक मजेदार गाडी होती, 'शकुंतला'. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर धावणारी छोटी आगगाडी. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. आमचं स्टेशन दारव्हा मोतीबाग. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस वाहून न्यायला हा मार्ग बांधला. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी ओढायचं. १५ एप्रिल १९९४ ला ते निवृत्त झालं आणि डिझेलचं इंजिन आलं. पुढे २०१६च्या सुमारास गाडीच बंद पडली.

चला, एक गणित करा. ताशी २० किलोमीटर वेग असेल, तर ११३ किलोमीटरला किती वेळ? साडेपाच तासांहून जास्त, तेही कुठं न थांबता! मग मूर्तिजापूरला उतरून शेगावकडे जाणारी मोठी गाडी पकडायची. छोटी गाडी उशिरा आली की मोठी निघून गेलेली. मग काय? फलाटावर सतरंजी अंथरा, भाकरी सोडा आणि भजन म्हणा!

आता लोक बसने किंवा जीपने जातात. वेळ वाचतो, पण घोटाळे काही संपले नाहीत बरं का.

वाटेत काय पाहाल?

दारव्ह्याहून चाळीसेक किलोमीटरवर वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लागतं. हे श्री नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. गुरुमंदिरात दर्शन घेऊनच पुष्कळजण पुढे जातात. गावात जुन्या वेशी आहेत. त्यातल्या एका वेशीचं नाव ऐका, 'दारव्हा वेस'! म्हणजे आमच्या गावाकडे निघणारी वाट जिथून सुटायची ती. जैन मंदिरंही पाहण्यासारखी. लाकडावरचं कोरीव काम बघाल तर मान वर करून थांबूनच राहाल.

पुढे मूर्तिजापूर. त्या तालुक्यातलं दापुरे हे गाडगेबाबांचं आजोळ. तिथंच त्यांचं लहानपण गेलं. ज्यांनी पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथं गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, ते हेच बाबा. दमलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा हवी, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

मूर्तिजापूरच्या स्टेशनावर एक फजिती नेहमी ठरलेली. गाडी आली की, "चढा, चढा!" असा एकच गलका. कोणी विचारतच नाही की गाडी कुठली! शेगाव आहे भुसावळच्या दिशेला. घाईत नागपूरच्या गाडीत बसलेली मंडळी थेट बडनेऱ्याला उतरतात आणि मग कपाळाला हात लावतात.

अकोल्याला मोर्णा नदीकाठी असदगड किल्ला आहे. पण तो पाहायला आधीच धावाधाव कशाला? शेगावहून निघालेली पालखी पुन्हा अकोल्याकडेच येते! गाडीतून मागे टाकलेलं गाव दोन-चार दिवसांत पायांनी गाठायचं असतं. आणि शेगावला कचोरी? एक खा. चार खाल्ल्या तर पहिल्या दिवशी पोटच चालेल, पाय नाही!

एका चिठ्ठीची करामत

आता खरी गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एक आजी वर्षभर पैसे साठवून वारीला निघाल्या. कारंज्याला देवदर्शनासाठी उतरल्या, आणि पिशवी बसमध्येच राहिली. पिशवीत रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या! बस केव्हाच निघून गेली. दुसऱ्या दिवशी पालखी निघणार, आणि पालखी काही कोणासाठी थांबत नाही. गोळ्यांशिवाय उन्हात चालणं म्हणजे जिवाशी खेळ. सोबतचे म्हणाले, "आजी, तुम्ही घरी परता." आजींचे डोळे भरून आले.

तेवढ्यात सोबतच्या काकांचा फोन वाजला. पिशवीत सहावीतल्या नातवानं एक चिठ्ठी ठेवली होती. आजीचं नाव, गाव, गोळ्यांची नावं आणि दोन फोन नंबर, एक घरचा, एक ह्या काकांचा. कंडक्टरनं ती वाचली आणि पिशवी पुढच्या स्टँडवर ठेवून फोन केला. आजी संध्याकाळी पिशवीसकट शेगावात पोहोचल्या, आणि पुढे पंढरपुरातही!

पोरानं केलं काय? एक कागद लिहिला. पाच मिनिटांचं काम. पण वर्षभराची आस त्या कागदानं वाचवली.

तुमचं काम

तुमच्या घरून कोणी पायी निघणार असेल, तर एवढं करा :

१. नाव, गाव, औषधं आणि दोन फोन नंबर लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या करा. एक पिशवीत, एक खिशात किंवा कमरेच्या बटव्यात.

२. गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा. एक पिशवी हरवली तरी दुसरी हाताशी राहील.

३. नवी चप्पल निघायच्या दिवशी नको. पंधरा दिवस आधीपासून आजीला ती घालून चालवा. तुम्हीही सोबत चाला.

४. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच. उन्हात उलटी-जुलाब झाले तर हे पाणी घोट घोट द्यायचं, हे आजीला पाठ करून द्या.

५. चालायच्या आदल्या दिवशी फिरणं कमी, झोप जास्त.

आणि पालकहो, चिठ्ठी मुलांकडूनच लिहून घ्या बरं. आजी-आबा वाटेवर असतील, तेव्हा घरी राहिलेल्या नातवंडाला वाटलं पाहिजे की, "ह्या वारीत एक काम माझंही आहे."