वर बसला म्हणजे जिंकला का?

कुस्तीत जो वर, तोच जिंकत आला, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. लाल मातीचा कायदा निराळा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर जाऊन कब्जा घेणे ही केवळ सुरुवात. त्याची पाठ मातीला लागली तरच कुस्ती निकाली. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, जे शाहू महाराजांनी १९१२ साली उभारले, प्रेक्षक याच क्षणाची वाट पाहतात. खालचा मल्ल पोटावर घट्ट पडून राहिला आणि वरचा नुसता दाबत बसला, तर कुस्ती रेंगाळते.

गादीवर घड्याळ असते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. फ्रीस्टाइलमध्ये कब्जाला २ गुण. पण पुढे डाव लागत नसेल तर पंच दोघांनाही उभे करतात. उभ्याने टाळाटाळ करणाऱ्याला प्रथम ताकीद, नंतर ३० सेकंदांची मुदत. तेवढ्यात कोणीच गुण घेतला नाही, तर १ गुण प्रतिस्पर्ध्याला. याउलट अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीत नुसता ताबाही मोजतात : वर राहण्याचा वेळ प्रतिस्पर्ध्याहून एक मिनिटाने अधिक भरला, की १ गुण.

म्हणजे मातीत जो संयम ठरतो, तोच गादीवर दोष ठरू शकतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, तेही गादीवरच. मातीतल्या पोराला ऑलिंपिकला जायचे, तर दमाबरोबर घड्याळाशीही झुंजायला शिकले पाहिजे.