बहुघटक प्रणालींतील सहमती आणि वितरित इष्टतमीकरण

वितरित इष्टतमीकरण म्हणजे जाळ्याने जोडलेल्या अनेक स्वतंत्र घटकांनी, कोणत्याही मध्यवर्ती नियंत्रकाविना, केवळ आपापल्या शेजाऱ्यांशी माहितीची देवाणघेवाण करून एका सामाईक प्रश्नाचे सर्वोत्तम उत्तर शोधण्याची पद्धत होय. अशा घटकांना 'एजंट' आणि त्यांच्या समूहाला बहुघटक प्रणाली असे म्हणतात. सर्व घटकांनी अखेरीस एकाच मूल्यावर येणे याला सहमती म्हणतात. सहमती ही वितरित इष्टतमीकरणाची पायाभूत प्रक्रिया आहे. मात्र एकमत होणे आणि योग्य उत्तरावर एकमत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर कशामुळे पडते व ते कसे मिटवता येते, हा या विषयाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

## संकल्पना

प्रणालीचे वर्णन आलेख सिद्धांताच्या भाषेत केले जाते. प्रत्येक घटक हा आलेखाचा एक शिरोबिंदू असतो आणि ज्या दोन घटकांत थेट संपर्क आहे, त्यांना जोडणारी रेषा ही आलेखाची कडा असते. प्रत्येक घटकाजवळ एक मूल्य असते. उदाहरणार्थ, तापमापकाने नोंदवलेले तापमान किंवा यंत्रमानवाची दिशा. ठरावीक काळाने प्रत्येक घटक स्वतःच्या व शेजाऱ्यांच्या मूल्यांची भारित सरासरी काढतो आणि ती आपले नवे मूल्य म्हणून स्वीकारतो. कोणाच्या मूल्याला किती महत्त्व द्यायचे हे ठरवणाऱ्या संख्यांना भारांक म्हणतात. एका घटकाने वापरलेल्या सर्व भारांकांची बेरीज १ असते.

कोणत्याही घटकाला संपूर्ण जाळ्याचे चित्र ठाऊक नसते. तरीही शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात जात माहिती सर्वत्र पोहोचते. जाळे अखंड असेल, म्हणजे कोणत्याही घटकापासून कोणत्याही घटकापर्यंत कडांच्या मार्गाने जाता येत असेल, आणि प्रत्येक घटक स्वतःच्या व शेजाऱ्यांच्या मूल्यांना धन भारांक देत असेल, तर सर्व मूल्ये एकाच संख्येकडे अभिसृत होतात.

## इतिहास

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ मॉरिस डिग्रूट यांनी १९७४ मध्ये तज्ज्ञांचा गट परस्परांच्या मतांना भारांक देत एकमतापर्यंत कसा पोहोचतो, याचे गणिती प्रारूप मांडले. जॉन सिट्सिक्लिस यांनी १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सादर केलेल्या प्रबंधात विकेंद्रित निर्णयप्रक्रिया व गणन यांचा अभ्यास केला. १९८६ मध्ये त्यांनी दिमित्री बर्टसेकास व मायकेल अथान्स यांच्यासह अनेक संगणकांवर विभागून चालणाऱ्या इष्टतमीकरणाचे विश्लेषण प्रसिद्ध केले.

दुसरा प्रवाह सामूहिक हालचालींच्या अभ्यासातून आला. क्रेग रेनल्ड्स यांनी १९८७ मध्ये पक्ष्यांच्या थव्याचे संगणकीय प्रारूप सादर केले. त्यात प्रत्येक पक्षी केवळ जवळच्या पक्ष्यांकडे पाहून तीन साधे नियम पाळतो. १९९५ मध्ये तामाश विचेक व सहकाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या सरासरी दिशेने वळणाऱ्या कणांचे प्रारूप मांडले. हे कण एका दिशेने का वळतात, याचे गणिती स्पष्टीकरण अली जदबाबाई, जी लिन व स्टीफन मोर्स यांनी २००३ मध्ये दिले. जाळे क्षणोक्षणी बदलत असले आणि एखाद्या क्षणी तुटलेले असले तरी मर्यादित कालखंडांतील कडा एकत्र पाहता ते अखंड ठरत असेल, तर सहमती होते, असे त्यांनी दाखवले. रेझा ओल्फाती-सबेर व रिचर्ड मरे यांच्या २००४ मधील लेखाने संपर्कातील विलंब आणि बदलती जाळी यांचा विचार एका चौकटीत आणला. सहमती व इष्टतमीकरण यांची सांगड घालणारी प्रवणता पद्धत अँजेलिया नेडिच व असुमन ओझदाग्लर यांनी २००९ मध्ये विश्लेषित केली.

## सहमतीची प्रक्रिया : एक उदाहरण

क, ख आणि ग हे तीन तापमापक एका ओळीत आहेत असे मानू. क व ग यांचा संपर्क केवळ मधल्या ख शी आहे. त्यांच्या नोंदी अनुक्रमे २०, ३४ व २७ अंश आहेत. खरी सरासरी २७ आहे.

*पहिली रीत.* प्रत्येक तापमापक स्वतःची व शेजाऱ्यांची साधी सरासरी घेतो. क व ग प्रत्येकी दोन मूल्यांची सरासरी काढतात, तर ख तीन मूल्यांची.

*दुसरी रीत.* प्रत्येक कडेवर दोन्ही बाजूंनी एकच भारांक, येथे एक-तृतीयांश, वापरला जातो. उरलेला भार प्रत्येक घटक स्वतःच्या मूल्याला देतो. त्यामुळे क व ग स्वतःला दोन-तृतीयांश भार देतात. याला मेट्रोपोलिस भारांक म्हणतात. हा भारांक ठरवण्यासाठी कडेच्या दोन्ही टोकांच्या घटकांना एकमेकांच्या शेजाऱ्यांची संख्या कळणे पुरेसे असते.

| फेरी | पहिली रीत : क, ख, ग | दुसरी रीत : क, ख, ग |
|---|---|---|
| ० | २०, ३४, २७ | २०, ३४, २७ |
| १ | २७, २७, ३०.५ | २४.६७, २७, २९.३३ |
| २ | २७, २८.१७, २८.७५ | २५.४४, २७, २८.५६ |
| ३ | २७.५८; २७.९७, २८.४६ | २५.९६, २७, २८.०४ |
| अंतिम | २८, २८, २८ | २७, २७, २७ |

दोन्ही रीतींनी एकमत होते, पण पहिल्या रीतीचे एकमत चुकीच्या संख्येवर होते. तिच्यात ख चे मूल्य तिघांच्या गणनेत येते, तर क व ग यांची मूल्ये प्रत्येकी दोघांच्याच. परिणामी अंतिम उत्तरात त्यांचा वाटा २ : ३ : २ असा पडतो. ज्याचे शेजारी अधिक, त्याचे मत अधिक वजनदार ठरते. ते अधिक अचूक आहे म्हणून नव्हे, तर केवळ त्याच्या जागेमुळे. दुसऱ्या रीतीत प्रत्येक फेरीनंतर मूल्यांची बेरीज ८१ च राहते, त्यामुळे खरी सरासरी टिकून राहते.

हे भारांक चौकोनी आव्यूहात, म्हणजे मॅट्रिक्सच्या स्वरूपात मांडल्यास, एकमत होण्यासाठी प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज १ असावी लागते. खरी सरासरी टिकण्यासाठी प्रत्येक उभ्या स्तंभाची बेरीजही १ असावी लागते. ज्या जाळ्यांत संदेश एकाच दिशेने जातात, तेथे ही दुसरी अट पाळणे कठीण असते. अशा जाळ्यांसाठी 'पुश-सम' ही पद्धत वापरतात. तिच्यात प्रत्येक घटक मूल्याबरोबर एक साहाय्यक भारही पुढे पाठवतो आणि शेवटी मूल्याला त्या भाराने भागतो.

## अभिसरणाचा वेग

वरील दुसऱ्या रीतीत खऱ्या सरासरीपासूनचे अंतर दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक वेळी दोन-तृतीयांश होते, आणि दहाव्या फेरीपर्यंत ते ०.१ अंशाहून कमी होते. हा वेग जाळ्याच्या रचनेवर अवलंबून असतो. झेक गणितज्ञ मिरोस्लाव फीडलर यांनी १९७३ मध्ये आलेखाची 'बैजिक संबद्धता' ही संख्या अभ्यासली. आलेखाच्या लाप्लास आव्यूहाचे दुसरे सर्वांत लहान आयगेन मूल्य म्हणजे ही संख्या होय. आलेख तुटक असल्यास ती शून्य असते, आणि ती जितकी मोठी तितकी सहमती सामान्यतः जलद होते. दहा घटक एका ओळीत जोडले असता बैजिक संबद्धता सुमारे ०.०९८ असते. त्याच दहांपैकी प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडल्यास ती १० होते. ओळीतील घटकांची संख्या दुप्पट केली, तर लागणाऱ्या फेऱ्या ढोबळमानाने चौपट होतात.

सर्व घटकांनी एकाच वेळी संदेश पाठवणे प्रत्यक्षात अवघड असते. म्हणून 'गॉसिप' पद्धतीत यदृच्छेने निवडलेली एक जोडीच प्रत्येक वेळी आपापल्या मूल्यांची सरासरी घेते. स्टीफन बॉइड, अर्पिता घोष, बालाजी प्रभाकर व देवव्रत शाह यांनी २००६ मध्ये या पद्धतीच्या वेगाचे सविस्तर विश्लेषण केले.

## सहमतीकडून इष्टतमीकरणाकडे

सरासरी काढणे हे इष्टतमीकरणाचेच एक साधे रूप आहे. समजा, प्रत्येक घटकाजवळ एक खर्च-फल आहे आणि त्या सर्वांची बेरीज किमान करणारे एकच मूल्य शोधायचे आहे. आपल्या नोंदीपासूनच्या अंतराचा वर्ग हा खर्च मानल्यास उत्तर सरासरी येते. नुसते अंतर हा खर्च मानल्यास उत्तर मध्यक येते. ख ची नोंद बिघाडामुळे ३४ ऐवजी ९४ झाली, तर सरासरी २७ वरून ४७ वर जाते, पण मध्यक २७ च राहतो. सर्वोत्तम उत्तर कोणते, हे अशा रीतीने खर्च-फलाच्या निवडीवर ठरते.

खर्च-फले बहिर्वक्र असतील, म्हणजे त्यांचा आकार वाटीसारखा असेल, तर वितरित प्रवणता पद्धत वापरता येते. तिच्यात प्रत्येक फेरीत दोन कामे होतात : शेजाऱ्यांच्या मूल्यांशी भारित सरासरी घेणे आणि स्वतःच्या खर्चाच्या उताराच्या दिशेने छोटे पाऊल टाकणे. घटकाला आपले खर्च-फल कोणालाही सांगावे लागत नाही.

या पद्धतीत एक मूलभूत अडचण आहे. खर्च म्हणजे अंतराच्या वर्गाची निमपट असे मानल्यास, २७ या सर्वोत्तम मूल्यावर क, ख, ग यांचे स्वतःचे उतार अनुक्रमे ७, −७ व ० असतात. त्यांची बेरीज शून्य असली तरी क व ख यांचे उतार शून्य नाहीत. त्यामुळे सामाईक हिताच्या बिंदूवर पोहोचल्यावरही त्यांना आपापल्या हिताची ओढ राहते. पावलाचे प्रमाण कायम ०.१ ठेवल्यास तिघे अनुक्रमे २५.८७, २७.६४ व २७.४९ येथे थांबतात. त्यांची सरासरी २७ असते, पण एकमत होत नाही. पाऊल हळूहळू लहान करत नेल्यास एकमत होते, मात्र प्रक्रिया मंदावते.

यावर उपाय म्हणून प्रवणता-अनुसरण ही पद्धत पुढे आली. तिच्यात घटक मूल्यांप्रमाणेच उतारांचीही देवाणघेवाण करतात आणि संपूर्ण जाळ्याच्या सरासरी उताराचा अंदाज बाळगतात. हा अंदाज सर्वोत्तम बिंदूजवळ शून्याकडे जातो, म्हणून पुरेसे लहान पाऊल कायम ठेवूनही अचूक उत्तर मिळते. वेई शी, चिंग लिंग, गांग वू व वोताओ यिन यांची २०१५ मधील 'एक्स्ट्रा' पद्धतही वेगळ्या मार्गाने हाच दोष दूर करते. गुणकांच्या पर्यायी दिशा पद्धतीची बीजे १९७० च्या दशकातील फ्रेंच गणितज्ञांच्या कामात आहेत. ही पद्धतही बॉइड व सहकाऱ्यांच्या २०११ मधील विवेचनानंतर वितरित गणनात मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली.

## मर्यादा व सुरक्षितता

वरील सर्व निष्कर्ष घटक प्रामाणिकपणे नियम पाळतात या गृहीतकावर उभे आहेत. उदाहरणातील क ने शेजाऱ्याचे न ऐकता आपले मूल्य २० वरच धरून ठेवले, तर ख व ग दोघेही अखेरीस २० वर येतात. अखंड जाळ्यात एकच हटवादी घटक, बाकी सर्व नियम पाळत असताना, संपूर्ण समूहाला आपल्या मूल्यावर आणू शकतो. बिघडलेले यंत्र आणि हेतुपुरस्सर खोटे बोलणारा घटक यांचा परिणाम येथे सारखाच होतो.

यापासून बचावासाठी प्रत्येक घटक शेजाऱ्यांकडून आलेली टोकाची, म्हणजे आपल्याहून सर्वांत मोठी व सर्वांत लहान, काही मूल्ये वगळून उरलेल्यांची सरासरी घेतो. ही पद्धत यशस्वी होण्यासाठी जाळे पुरेसे दाट असावे लागते. तिला किंमतही आहे : अचूक सरासरीची हमी उरत नाही. क, ख, ग यांच्या ओळीसारख्या विरळ जाळ्यात तर खोटे कोण व वेगळे पण खरे कोण, हे ओळखण्याचे साधनच नसते.

संगणकशास्त्रातील वितरित सहमती हा या विषयाचा निकटचा, पण वेगळा प्रश्न आहे. तेथे सरासरी नव्हे, तर प्रस्तावांपैकी एक निश्चित पर्याय निवडायचा असतो. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टॅक व मार्शल पीज यांनी १९८२ मध्ये 'बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न' मांडला. संदेशांवर खात्रीची स्वाक्षरी नसल्यास एकूण घटकांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक प्रामाणिक असणे आवश्यक असते, असे त्यांनी सिद्ध केले.

गोपनीयतेची हमीही आपोआप मिळत नाही. मूळ माहिती घटकाकडेच राहिली तरी पाठवलेल्या मूल्यांवरून वा उतारांवरून तिचा अंदाज बांधता येऊ शकतो.

## उपयोग

*वीजजाळी.* एकमेकांशी समकालिक रीतीने जोडलेली सर्व जनित्रे एकाच वारंवारितेवर चालतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीद्वारे भारताच्या दक्षिण विभागाचे जाळे उर्वरित राष्ट्रीय जाळ्याशी असे जोडले गेले. प्रमाण वारंवारिता ५० हर्ट्‌झ आहे. मागणी वाढली की वारंवारिता किंचित घटते, आणि ती घट ओळखून जनित्रे परस्परांना संदेश न पाठवताही उत्पादन वाढवतात. किमान खर्चात वीज पुरवायची असल्यास, क्षमतेच्या मर्यादेत असलेल्या सर्व संचांचा जादा एका युनिटचा खर्च समान असावा लागतो. त्यामुळे या खर्चावरील सहमती ही वितरित इष्टतमीकरणाची समस्या बनते. हे राष्ट्रीय जाळे प्रेषण केंद्रांच्या देखरेखीखाली चालते. पूर्णतः वितरित पद्धतींचा अभ्यास मुख्यतः लहान सूक्ष्मजाळ्यांसाठी झाला आहे.

*यंत्रमानव व ड्रोन.* ताफ्याची रचना टिकवणे, ठरलेल्या जागी एकत्र येणे आणि एखादा प्रदेश वाटून घेऊन त्याची पाहणी करणे यांसाठी सहमती पद्धती वापरल्या जातात.

*यंत्र-शिक्षण.* माहिती अनेक ठिकाणी विखुरलेली असताना एकच प्रारूप शिकवण्यासाठी या पद्धती उपयोगी पडतात. संघीय शिक्षणात मूळ माहिती उपकरणांतच राहते. मात्र त्याच्या प्रचलित रूपात एक मध्यवर्ती सर्व्हर असतो, म्हणून ते पूर्णतः विकेंद्रित नसते.

## हेही पाहा

* आलेख सिद्धांत
* बहिर्वक्र इष्टतमीकरण
* बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न
* संघीय शिक्षण