जिन्यातले झुंबर

हंड्या-झुंबरे हा शब्द आपण जोडीनेच उच्चारतो. तो कानी पडला की डोळ्यांसमोर एखादा सरदारी वाडा येतो, नाहीतर गोव्यातले मंगेशीचे किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेचे देऊळ. कन्नडमध्ये झुंबराला 'तूगुदीप' म्हणतात, म्हणजे झुलता दिवा. अलीकडे मात्र जोयडा, रामनगर, दांडेलीकडच्या नव्या घरांतही जिन्याच्या वर एक झुंबर हवेच, असा आग्रह दिसतो. आमच्याकडे तो धारवाडला शिकणाऱ्या मुलीने धरला.

सासूबाईंना ते पटेना. लग्न होऊन त्या आल्या त्या जुन्या सुप्यातल्या कौलारू घरात. काळी नदीवरच्या धरणात ते गाव गेले आणि आमचे कुटुंब रामनगरला आले. त्या घरातून त्यांनी जपून आणलेला पितळी लामणदिवा अजून ट्रंकेत आहे. "जिन्यात पाय दिसला की झालं, वर बघत कोण चढतंय?" हे त्यांचे म्हणणे. त्या वेळी आम्ही हसलो.

बेळगावात एका दुकानात गेलो. दुकानदाराने तीस इंच व्यासाचे, लोलकांचे झुंबर पुढे केले. जिन्याची मोकळी जागा केवढी आहे, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. खरे तर यासाठी सोपा आडाखा आहे. जागेची लांबी-रुंदी फुटांत मोजून बेरीज करायची; जेवढे फूट, साधारण तेवढे इंच झुंबराचा व्यास. आमची जागा सात बाय नऊची, म्हणजे सोळा इंच पुरे. झुंबराचे खालचे टोक कुठल्याही पायरीपासून निदान सात फूट वर हवे. कपाट किंवा पलंग वर नेणारी माणसे पायऱ्यांकडे बघत असतात, डोक्यावरच्या काचेकडे नव्हे. ही माहिती आम्हाला झुंबर घरी आल्यावर मिळाली.

आमचा वायरमन हुबळीकडचा. खोके उघडल्यावर किंमत नाही, कंपनी नाही, त्याने पहिला प्रश्न केला, "भार एष्टु, मॅडम?" भार हा शब्द दोन्ही भाषांत एकच, पण उत्तर आमच्याजवळ एकाही भाषेत नव्हते. तराजूवर घातले तर चौदा किलो भरले. स्लॅब घालताना पंख्यांचे हूक सगळ्या खोल्यांत सोडले होते, जिन्यावर सोडायचे कोणाला सुचले नव्हते. शोभेसाठी केलेल्या पीओपीच्या छताला एवढे वजन टांगणे म्हणजे पापडाला खिळा ठोकण्यासारखे. तेव्हा पीओपी कापून वर स्लॅबला लोखंडी पट्टी चार फास्टनरनी बसवली, तिला हूक लावला आणि त्या हुकाला सिमेंटचे पन्नास किलोचे पोते रात्रभर लोंबत ठेवले.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा जयविलास राजवाडा १८७४ मध्ये पुरा झाला. त्याच्या दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरे आहेत, एकेक सुमारे साडेतीन टनांचे. ती टांगण्याआधी छत तोलेल की नाही हे बघायला वर हत्ती चढवले होते, असे सांगतात. त्याच राजवाड्यात काचेच्या खांबांचा कठडा असलेला जिनाही आहे. आमच्या पोत्याला घरात लगेच 'हत्ती' नाव पडले. सकाळी हत्ती जागच्या जागी होता, म्हणून झुंबर चढले.

मंगळुरी कौलांचे घर असेल तर गोष्ट निराळी. तिथे रिपेला काही टांगू नये, एकट्या वाशावरही भरवसा ठेवू नये. वजन तुळईवर किंवा आढ्यावरच यायला हवे, आणि तेही सुताराने लाकडाला वाळवी नाही ना हे ठोकून बघितल्यावर. लाकूडच किडके निघाले, तर हलका कागदी आकाशकंदील लावून गप्प बसावे, त्यात कमीपणा नाही.

आता मुख्य गोष्ट. झुंबर लागले, घर उजळले, शेजारी बघून गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई वरच्या देवघरातून खाली येताना मध्येच थांबल्या आणि कठडा घट्ट धरून उभ्या राहिल्या. त्यांना पायरी कुठे संपते ते दिसत नव्हते. मी त्यांच्या जागी जाऊन उभी राहिले तेव्हा कळले. आत उघडे, पारदर्शक बल्ब होते. लोलकांतून फुटलेल्या उजेडाचे पट्टे पायऱ्यांवर पडत होते आणि प्रत्येक पट्टा पायरीची कडा वाटत होता. त्यातच उतरताना दिवा पाठीमागे राहतो, म्हणून आपलीच सावली पुढच्या पायरीवर पडते. त्या दिवसापासून आठवडाभर त्यांनी जिना चढणे सोडले. देवपूजा मी करत होते, पण त्या खालून विचारत, "फुलं नीट वाहिलीस ना?" तो प्रश्न मला चांगलाच लागला.

ते झुंबर आम्ही परत केले. दुकानदाराने पैसे कापून घेतले, ते सोडले. दुसरे आणले ते सोळा इंची, दुधी काचेच्या पाच तोंडांचे. तोंडे खाली आहेत, ही आपल्या भागात फार महत्त्वाची बाब. वर तोंड केलेल्या वाट्यांत पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरे ढिगाने पडतात, आणि ती काढायला दर दोन दिवसांनी शिडी कोण लावणार? सांगाडा पितळी घेतला. आमच्या पावसाच्या दमटपणात मुलामा दिलेले लोखंड दोन-तीन वर्षांत फोड धरते. बल्ब एलईडीचे, पिवळसर उजेडाचे. पूर्वीचे चाळीस वॅटचे पाच बल्ब दोनशे वॅट खात, हे चार वॅटचे पाच मिळून वीसच खातात. बटण जिन्याच्या खाली आणि वर, दोन्हीकडे. घर बांधणाऱ्याने टू-वे वायरिंग भिंत फोडायच्या आधी सांगावे. आम्ही नंतर सांगितले.

शिवाय पायऱ्यांच्या बाजूला, भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर तीन लहान दिवे बसवले आणि ते इन्व्हर्टरवर घेतले. आमच्याच गणेशगुडीला धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॅटचे वीजघर आहे, पण जंगलातून येणाऱ्या तारांवर झाड पडले की आमच्या घरात काळोखच. अशा रात्री झुंबर विझते आणि हे तीन दिवे राहतात.

परवा असाच पाऊस चालू असताना वीज गेली. मी बॅटरी शोधत होते तोवर सासूबाई तिसऱ्या दिव्यापर्यंत पोचल्या होत्या. वरून म्हणाल्या, "सूनबाई, तो ट्रंकेतला लामणदिवा काढ. देवघरात हूक मारून घेऊया. आणि हो, त्या पोराला भार सांग आधी."